छतावरची दीड युनिट वीज

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकचं ऊन काय असतं, हे द्वारका चौकात सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्या दादांना मी सांगायला नको. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. पण चांगल्यात चांगलं सौर पॅनेलसुद्धा त्यातला विसेक टक्के भागच विजेत बदलतं. रिक्षाच्या टपावर दोन चौरस मीटर पॅनेल बसलं, तर दिवसाकाठी दीड युनिट हाती येतं. तेवढ्यात ई-रिक्षा तीसेक किलोमीटर जाते. पंचवटी ते नाशिकरोड जाऊन-येऊन थोडी वीज उरेल, एवढंच.

टप काही वाढवता येत नाही. मग वाया काय जातंय, ते शोधायचं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका मालवाहू तीनचाकीवर पॅनेल बसवलं. ऊन कडकडीत, आणि वीज मात्र कमी. वायरी तपासल्या, चार्जर बदलून पाहिला. अर्धा दिवस गेला. शेवटी दिसलं, कॅरिअरच्या पाइपाची बोटभर सावली पॅनेलच्या कडेवर पडली होती. पॅनेलमधले सेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एकावर सावली आली की त्याच्या ओळीतले सगळेच अडतात. तेवढ्याशा सावलीनं तिसरा हिस्सा वीज खाल्ली होती! पाइप मागे सरकवला आणि मीटर लगेच वर चढला.

दुसरा चोर म्हणजे उष्णता. पॅनेलला ऊन हवं, पण ताप सोसत नाही. २५ अंशांच्या वर दर अंशाला वीज पाव ते अर्धा टक्का घटते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पॅनेल सहज ६० अंशांपर्यंत तापतं. म्हणून ते टपाला चिकटवून बसवू नका. खाली चार बोटं जागा सोडा, वारा खेळू द्या. सातपूर-अंबडकडे फिरणाऱ्या गाड्यांनी धूळ सकाळीच ओल्या फडक्यानं पुसावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

बॅटरीचंही बघा. जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १०० भाग वीज भरली तर ८०-८५ परत मिळते, लिथियममध्ये ९५ च्या आसपास. लिथियम वजनालाही हलकी, तो फायदा वेगळाच.

१९८७ साली ऑस्ट्रेलियात डार्विन ते अ‍ॅडलेड ही सुमारे ३००० किलोमीटरची सौर गाड्यांची शर्यत झाली. जिंकलेली ‘सनरेसर’ सरासरी ताशी ६७ किलोमीटरनं धावली. तिला फक्त उन्हानं जिंकवलं नाही. गाडी हलकी होती, अंग पाण्याच्या थेंबासारखं गुळगुळीत, आणि चाकं अगदी सहज फिरणारी.

आपल्या रिक्षाचा वेग कमी, त्यामुळे वाऱ्यापेक्षा चाकंच गाडीला जास्त मागे ओढतात. उद्या सकाळी हवा भरा, गाडी सपाट रस्त्यावर न्यूट्रल करा आणि हातानं ढकलून बघा. रिकामी गाडी एकट्याला सरकवता आली पाहिजे. जड गेली तर आधी ब्रेकचे लायनर घासतायत का ते पाहा. पॅनेलवाल्याकडे नंतर जा.