एल्यूसिसचा मंडप, प्लेटोची भाषा

(दृश्य: खांबांच्या बैठका, मागे धुराडी)

अथेन्सपासून साधारण वीस किलोमीटरवर, समुद्रालगत, एल्यूसिस. मागे कारखान्यांची धुराडी. पुढे या दगडी बैठका: एकूण ४२ खांबांच्या. हा तेलेस्तेरिओन, देमेतर देवीच्या गुप्त विधींच्या दीक्षेचा मंडप. प्रत्येक बाजू ५० मीटरहून थोडी जास्त.

कडेच्या पायऱ्या पाहा. डोंगराच्या अंगाला त्या थेट खडकात कोरल्या आहेत. दीक्षार्थी इथे थांबत. पण इतके खांब मध्ये आले की कडेच्या माणसाला मधलं सरळ दिसत नाही. नाट्यगृह हवं असतं, तर कोणत्याही ग्रीक गवंड्याने असं बांधलं नसतं. इथे छप्पर हवं होतं, अंधार हवा होता. मधोमध छोटी खोली, अनाक्तोरोन. तिच्यात फक्त मुख्य पुरोहित जाई. त्याला म्हणत हिएरोफान्तेस, म्हणजे पवित्र वस्तू दाखवणारा.

(दृश्य: पवित्र मार्ग)

दीक्षा टप्प्याटप्प्याने मिळे. हिवाळा सरताना अथेन्समध्येच, इलिसोस नदीकाठच्या आग्राय इथे छोटे विधी. मोठे विधी तिथल्या पावसाळ्याआधी, सप्टेंबरच्या सुमारास. प्रत्येकाने डुकराचं पिलू घेऊन समुद्रात उतरायचं, त्यालाही न्हाऊ घालायचं, मग त्याचा बळी द्यायचा. उपास. मग या मार्गाने एल्यूसिसपर्यंत पायी. उपास सुटे तो कीकेओनवर: पाणी, सातूचं भरड पीठ आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती. वाइन नाही, कारण मुलीच्या शोकात देमेतर देवीने ती नाकारली होती. रात्री मंडपात प्रवेश. किमान वर्ष गेल्यावर पुन्हा यायचं, शेवटच्या पायरीसाठी. तिचं नाव एपोप्तेइया: पाहणं. आतलं बाहेर फोडणाऱ्याला मृत्युदंड होता. खुनी माणसाला आणि ग्रीक न समजणाऱ्याला प्रवेश नव्हता, बायकांना आणि गुलामांना होता.

(दृश्य: इलिसोसचं उरलेलं पात्र)

ही नदी आज बहुतेक शहराखाली गाडली गेली आहे. प्लेटोचा 'फाइद्रोस' हा संवाद हिच्याच काठी घडतो. आग्रायच्या देवस्थानाकडे कुठून नदी ओलांडतात, हेही सॉक्रेटीस त्यात सांगतो. देहात येण्याआधी आत्म्याने काय पाहिलं, हे सांगताना त्याच्या तोंडी शब्द येतात ते याच विधींचे: दीक्षा, एपोप्तेइया, शुद्ध प्रकाशात दिसलेली रूपं. प्लेटोच्याच 'सिम्पोझियम' या संवादात दिओतिमा ही ज्ञानी स्त्री सॉक्रेटीसला बजावते, इथवर तुलाही दीक्षा मिळेल, पण शेवटची पायरी तुला जमेल की नाही, ठाऊक नाही. मग ती क्रम लावून देते: एक सुंदर देह, सगळे देह, मनं, विद्या, आणि मग 'अचानक' सौंदर्य स्वतः. अंधाऱ्या मंडपात दार उघडावं तसं. हे शब्द नुसते अलंकार समजून वाचले, की अर्धा प्लेटो हातातून निसटतो.

इ.स. ३९२ मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या पूजाविधींवर बंदी घातली, पाठोपाठ गॉथांचा राजा अलारिक याची फौज आली.

(दृश्य: सोन्याची पत्री, अगदी जवळून)

ही पत्री दक्षिण इटलीतली, हिप्पोनिओनची. इ.स.पू. ४०० च्या सुमाराची, १९६९ मध्ये एका स्त्रीच्या थडग्यात सापडलेली. मेलेल्या आत्म्याला तिच्यात वाट सांगितली आहे: पांढऱ्या सरूजवळच्या झऱ्याकडे फिरकू नकोस. पुढे जा, स्मृतीच्या तळ्याचं गार पाणी माग. ज्ञान म्हणजे आठवणं, असं प्लेटोच्या 'मेनो'त सॉक्रेटीस म्हणतो, आणि हे आपण पुजारी-पुजारिणींकडून ऐकलं, असंही सांगतो. पत्रीच्या शेवटच्या ओळी पाहा. पाणी प्यायलेला आत्मा पवित्र मार्गाला लागतो, ज्यावरून इतर दीक्षितही चालले आहेत.