उताराचे दुखणे

[दृश्य : कळसूबाईच्या लोखंडी शिड्या. दुपारची वेळ. माणसे डोंगराकडे तोंड करून एकेक पायरी उतरत आहेत.]

अकोले तालुक्यातील बारी गावातून पहाटे निघालेली ही मंडळी १६४६ मीटर उंचीच्या शिखरावरून, म्हणजेच महाराष्ट्राच्या सर्वांत उंच ठिकाणावरून, आता खाली येत आहेत. चढताना ज्यांना धाप लागली होती आणि जे दर वळणावर पाण्याची बाटली काढून थांबत होते, त्यांचे चेहरे आता मोकळे झाले आहेत. श्वास संथ आहे, गप्पा सुरू आहेत आणि अवघड भाग संपला अशी सर्वांची समजूत आहे. मांडीच्या पुढच्या बाजूच्या स्नायूंचा अवघड भाग मात्र आत्ता सुरू झाला आहे.

[दृश्य : मंगळवारची सकाळ. रेल्वे स्थानकाचा पूल. गर्दीत एक तरुण कठड्याला धरून, आडवा होऊन जिना उतरतो आहे.]

रविवारच्या सहलीची पोचपावती अशी मंगळवारी मिळते. हा तरुण पूल चढताना फारसा अडखळला नव्हता, पण उतरताना त्याला प्रत्येक पायरीचा हिशेब द्यावा लागतो आहे. बसून राहिले तर दुखत नाही. मांडी दाबली, गुडघा वाकवला किंवा खुर्चीत टेकायला गेले की कळ येते. मांड्या भरून आल्या, असे आपण म्हणतो आणि दोष चढाला देतो, कारण दम चढताना लागलेला असतो. प्रत्यक्षात दम आणि दुखणे यांचे उगम वेगवेगळे आहेत.

[दृश्य : तालमीतील लाल मातीत एक मुलगा बैठका मारतो आहे. चित्रण मंद गतीने.]

या मुलाची एक बैठक नीट पाहावी. तो उठतो तेव्हा मांडीचा स्नायू आखडत, आखूड होत शरीराचे वजन वर उचलतो. तो खाली बसतो तेव्हाही तोच स्नायू काम करत असतो, कारण तो सैल सोडला तर मुलगा मातीत आपटेल. परंतु या वेळी स्नायू ताण धरून ठेवत असतानाच लांबत जातो. माळ्यावरून धान्याचे पोते दोराने खाली सोडताना हात दोर घट्ट धरूनही थोडा थोडा सरकू देतात, तसे हे काम असते. शास्त्राच्या परिभाषेत पहिल्या प्रकाराला कॉन्सेंट्रिक आणि दुसऱ्याला एक्सेंट्रिक म्हणतात. या निवेदनात आपण त्यांना उचलणे आणि पेलणे असे म्हणू, कारण भेद कळण्यास ही दोन क्रियापदे पुरेशी आहेत. डोंगर उतरणे म्हणजे हजारो वेळा, एकेका पायावर, स्वतःचे वजन पेलणे.

पेलण्याचे हे काम विलक्षण स्वस्त असते. १९५२ साली लंडनमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तीन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पायडल मारायचे आणि दुसऱ्याने उलट फिरणारी पायडले अडवायची, अशी योजना होती. दोघांवर पडणारे बल सारखेच असूनही अडवणाऱ्याला लागणारा प्राणवायू कित्येक पटींनी कमी भरला. याच यंत्राच्या जाहीर प्रात्यक्षिकात लहानखुऱ्या बांध्याची स्त्री केवळ पायडले अडवून धरून धिप्पाड पुरुषाला दमवत असे, आणि बघ्यांची भरपूर करमणूक होत असे.

हा स्वस्तपणाच पुढे महाग पडतो. लांबत असलेला स्नायूतंतू आखूड होणाऱ्या तंतूपेक्षा जास्त बल सहन करू शकतो, म्हणून तेवढ्याच वजनासाठी शरीर कमी तंतू कामाला लावते. माणसे कमी आणि ओझे तेवढेच असले की प्रत्येकाच्या खांद्यावरचा भार वाढतो, तसाच येथे प्रत्येक तंतूवरचा ताण वाढतो.

[दृश्य : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील कृष्णधवल चित्र. समांतर पट्टे, मध्ये एका ठिकाणी पट्टे विस्कटलेले.]

स्नायूतंतूच्या आत सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म घटक साखळीच्या कड्यांप्रमाणे एकापुढे एक जोडलेले असतात. एकाची लांबी सुमारे अडीच मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साधारण ४०० कडी मावतात. दोन कड्यांच्या सांध्यावर दिसणारी गडद रेघ म्हणजे झेड रेषा. निरोगी स्नायूत या रेषा वहीच्या आखणीसारख्या सरळ असतात. १९८१ मध्ये स्वीडनमधील फ्रिडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना जिन्यावरून वारंवार धावत उतरायला लावले आणि नंतर त्यांच्या पोटरीतील स्नायूचे लहानसे नमुने काढून तपासले, तेव्हा काही ठिकाणी या रेषा पसरट, वाकड्या आणि फाटल्यासारख्या झालेल्या आढळल्या.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये न्यूहॅम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग अधिक बोलका आहे, कारण त्यात तुलनेसाठी दुसरा माणूसही लागला नाही. स्वयंसेवकाने एका उंच ठोकळ्यावर सदैव एकाच पायाने चढायचे आणि दुसऱ्याच पायाने स्वतःला खाली सोडायचे. मांडी दुखली ती खाली सोडणाऱ्या पायाची, आणि विस्कटलेले तंतूही त्याच पायात सापडले. व्यायामानंतर लगेच काढलेल्या नमुन्यापेक्षा एकदोन दिवसांनी काढलेल्या नमुन्यात ही मोडतोड अधिक दिसली. म्हणजे पहिला घाव डोंगरावर बसतो, पण पडझड घरी आल्यावरही चालू राहते.

हे कसे घडते, याविषयी ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॉर्गन यांनी १९९० मध्ये मांडलेली कल्पना आजही चर्चेच्या केंद्रस्थानी आहे. साखळीतील सर्व कडी सारख्या ताकदीची नसतात. ताणाखाली स्नायू लांबत असताना सर्वांत दुबळी कडी आधी हार मानते आणि झटक्यात खूप लांब खेचली जाते. मग तिच्या नंतरची दुबळी कडी. स्नायू सैल झाल्यावर बहुतेक कडी पूर्ववत जुळतात, पण काही जुळत नाहीत, आणि दर पावलागणिक अशा कड्यांची संख्या वाढत जाते. शेवटी तंतूचे आवरण फाटते, कॅल्शियम आत शिरते आणि प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) जागी होतात.

लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे अंग दुखते, ही समजूत अजूनही व्यायामशाळांतून ऐकू येते आणि ती आता निवृत्त व्हायला हवी. १९८३ मध्ये अमेरिकेतील श्वेन आणि सहकाऱ्यांनी त्याच स्वयंसेवकांना एकदा सपाटीवर आणि एकदा उतारावर ४५ मिनिटे धावायला लावले. सपाटीवर धावताना त्यांच्या रक्तातील लॅक्टिक ॲसिड वाढले, पण पाय नंतर दुखले नाहीत. उतारावर धावताना ते वाढले नाही, तरी पाय दुखले. त्यापूर्वी कितीतरी वर्षे, १९०२ मध्येच, थिओडोर हफ यांनी दुसऱ्या दिवशी उमटणारे दुखणे हे थकव्याचे नसून स्नायूच्या आतील फाटण्याचे असावे, असा तर्क लिहून ठेवला होता.

[दृश्य : पुन्हा कळसूबाईचा पायथा. शेवटचा उतार. एका प्रौढ गृहस्थाचे गुडघे लटपटत आहेत.]

दुखणे येण्यापूर्वी काय होते, ते या गुडघ्यांत दिसते. पेलण्याच्या व्यायामाने ताकद तत्क्षणी कमी होते. प्रयोगशाळेत दंडाच्या स्नायूंकडून पूर्ण जोराने असे काम करवून घेतले, तर ती निम्म्यावरही येऊ शकते. दुखणे मात्र काही तास गप्प राहते, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी शिखर गाठते आणि आठवड्याभरात ओसरते. ताकद तेव्हाही पूर्ण परतलेली असेलच असे नाही; घाव मोठा असेल तर तिला कित्येक आठवडे लागतात. त्याखेरीज अशा स्नायूची बलाची आणि स्थितीची जाणीवही चुकू लागते, म्हणून उताराच्या शेवटी पाऊल चुकीचे पडते. घसरणाऱ्याला आपण निष्काळजी ठरवतो, तेव्हा त्याच्या मांडीची बाजू ऐकलेली नसते.

दुखणे किती, यावरून इजा किती, हे ओळखता येत नाही. फाटलेल्या आवरणातून क्रिएटिन कायनेज नावाचे विकर रक्तात झिरपते. दंडाच्या व्यायामानंतर त्याचे प्रमाण चौथ्या-पाचव्या दिवशी सर्वोच्च होते, म्हणजे दुखणे उतरू लागलेले असताना. सारखाच व्यायाम केलेल्या दोन व्यक्तींत हा आकडा अनेक पटींनी वेगळा असू शकतो. एक गोष्ट मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावी : अतिरेकी व्यायामानंतर लघवी चहासारखी काळपट झाली, अंग सुजले किंवा हातपाय हलवणे अशक्य झाले, तर ते नेहमीचे दुखणे समजू नये. स्नायूतील प्रथिन मूत्रपिंडात अडकत असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली तंतूच्या काठाशी चिकटलेल्या चपट्या पेशी.]

दुरुस्तीचे काम तासाभरात सुरू होते. प्रथम न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी येतात, मागोमाग मॅक्रोफेज या भक्षक पेशी येतात आणि मोडके तुकडे गिळून जागा साफ करतात. तंतूच्या कडेला, आवरणाखाली झोपल्यासारख्या पडून असलेल्या सॅटेलाइट पेशी, ज्या अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत प्रथम ओळखल्या, जाग्या होतात, वाढतात आणि जखमी तंतूत मिसळतात. सूज ही या कामाचाच भाग असते, त्यामुळे ती दिसताच विझवण्याची घाई नेहमीच हिताची नसते. बर्फाच्या पाण्यात बसल्याने दुखणे कमी जाणवते हे खरे, परंतु ताकदीच्या प्रत्येक व्यायामानंतर तसे करत राहिल्यास स्नायूची वाढ मंदावते, असेही अभ्यासांत दिसले आहे. स्ट्रेचिंगने हे दुखणे म्हणण्यासारखे टळत नाही.

आता या विषयातील सर्वांत नवलाची गोष्ट. दोन आठवड्यांनी हाच माणूस हाच डोंगर पुन्हा उतरला, तर त्याचे पाय पहिल्यासारखे दुखत नाहीत. न्यूहॅम, जोन्स आणि क्लार्कसन यांनी १९८७ मध्ये दंडाचा तोच कष्टाचा व्यायाम दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा करवून घेतला. रक्तात क्रिएटिन कायनेजचा पूर पहिल्याच वेळी आला. या परिणामासाठी पहिली वेळ कठोर असण्याचीही गरज नसते. पूर्ण जोराने केवळ दोन किंवा सहा वेळा पेलले, तरी दोन आठवड्यांनंतर २४ वेळा पेलण्याने होणाऱ्या इजेपासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते, असे जपानी संशोधक काझुनोरी नोसाका यांच्या गटाने दाखवले. नवख्याला पहिल्या दिवशी मोजक्याच बैठकांवर थांबवणारा वस्ताद हेच करत असतो.

हे संरक्षण नेमके कुठे साठवले जाते, यावर एकमत नाही. उतारावर धावलेल्या उंदरांच्या मांडीत सार्कोमिअरची साखळी लांबलेली आढळली. कडी वाढल्यामुळे प्रत्येकीवरचा ताण कमी होत असावा. तंतूंभोवतीचे संयोजी ऊतक बळकट होते, असेही म्हटले जाते. पण एका हाताला दिलेल्या व्यायामाचे थोडे संरक्षण दुसऱ्या, न राबलेल्या हातालाही मिळते, तेव्हा केवळ स्नायूकडे पाहून भागणार नाही. मज्जासंस्थाही काहीतरी शिकत असली पाहिजे.

पाय दुखत असतानाच पुन्हा उतरावे का, हा प्रश्न मंगळवारच्या त्या तरुणालाही पडला असेल. नोसाका आणि क्लार्कसन यांनी १९९५ मध्ये पहिल्या व्यायामानंतर तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी, म्हणजे दंड अजून सावरलेला नसताना, तोच व्यायाम पुन्हा करवून घेतला. इजा वाढली नाही आणि भरून येणेही लांबले नाही. हे हातांबाबतचे आणि देखरेखीखालचे निरीक्षण आहे. लटपटत्या मांड्यांनी कडा उतरण्याला त्याचा आधार घेता येणार नाही.

[दृश्य : पहाट. सिंहगडाची पायवाट. पांढऱ्या केसांचे गृहस्थ काठीविना झपझप उतरत आहेत.]

नोसाका यांच्याच मोजणीनुसार या संरक्षणाची स्मृती सुमारे ६ महिने टिकते आणि ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान पुसली जाते. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढून उतरणाऱ्या पुणेकरांच्या पायांत ती कधी विझतच नाही. दर वर्षी एकदाच, नवरात्रात, कळसूबाईला जाणाऱ्या शहरी मंडळींचे पाय मात्र प्रत्येक वर्षी नवशिकेच असतात, मग ती वारी पहिली असो वा विसावी. त्यांच्यासाठी इमारतीचा जिना पुरेसा आहे : आधीच्या महिन्याभरात आठवड्यातून दोन वेळा, लिफ्टने वर जावे आणि चालत खाली यावे, पहिल्या दिवशी दोन-तीन मजले.

[दृश्य : लिफ्टचे दार उघडते. बाहेर पडलेल्या दोन स्त्रिया जिन्याकडे वळतात.]