जुन्या घड्याळांच्या माणसानं नवा क्रोनोग्राफ घ्यावा का?

(रत्नागिरीतल्या एका वाचनालयात श्रावणात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय चैनीचा आहे, हे आधीच सांगतो. नव्या स्विस क्रोनोग्राफच्या पैशात आपल्याकडे मोटार येते, आणि मोटार निदान चिपळूणपर्यंत नेते तरी. पण हा प्रश्न विचारणारे आता बरेच झालेत. आयुष्यभर वेस्ट एंड, फेवर ल्युबा, एचएमटी जमवली, एखादा जुना क्रोनोग्राफही हाताला लागला. आता मुलं मार्गी लागली, चार पैसे शिल्लक आहेत. तर शोरूममधला नवाकोरा, महागडा क्रोनोग्राफ घ्यावा का, की जुन्याच्या भक्तांना ते पाप?

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी एक मिनिट. क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता मधला कालावधी मोजणारं घड्याळ. चावीच्या वर-खाली दोन बटणं, एक चालू-बंद करायला, दुसरं काटा शून्यावर आणायला. १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोलस रियुसेक यांनी वापरलेलं यंत्र तबकडीवर चक्क शाईचा ठिपका टाकायचं. काटा झटकन शून्यावर आणणाऱ्या हृदयाच्या आकाराच्या कॅमचं, म्हणजे धातूच्या फिरत्या तुकड्याचं, पेटंट १८४४ सालचं, आणि तो कॅम आजच्या दहा लाखांच्या घड्याळातही तसाच बसलेला असतो.

इथेच माझ्या मुद्द्याला सुरुवात होते. आपण जुनं आणि नवं यांच्यात जी रेघ मारतो ती चुकीच्या जागी मारतो. ओमेगाचं स्पीडमास्टर घ्या. १९५७ साली आलं, १९६५ मध्ये नासानं पास केलं, १९६९ मध्ये ऑल्ड्रिनच्या मनगटावरून चंद्रावर गेलं. त्याच्या आतलं कॅलिबर, म्हणजे यंत्र, ३२१ नंबरचं; ते लेमानिया या स्विस कंपनीच्या १९४२ च्या यंत्रावरून आलं. १९६८ मध्ये कॉलम व्हील, म्हणजे बटणाचा हुकूम पुढे पोचवणारं खांबांचं चाक, काढून त्या जागी एक साधा कॅम लावला, ८६१ झालं. २०२१ पासून आत ३८६१ आहे. आजही ते हातानं चावी द्यायचं घड्याळ आहे, आजही कॅमवर चालतं, आणि क्लच आजही तोच आडवा, एक दातेरी चाक सरकत येऊन दुसऱ्या फिरत्या चाकाला भिडतं तो. बटण दाबल्यावर काटा किंचित उडतो, चालत्या एसटीत चढताना बसतो तसा झटका. म्हणजे शोरूममधलं 'नवं' घड्याळ मुळात तुमच्या वडिलांच्या वयाचं आहे.

आता उलट बाजू बघा. काटा न उडता अलगद सुटावा म्हणून उभा क्लच आला, घर्षणानं एकमेकांना धरणाऱ्या चकत्यांचा. रोलेक्सनं डेटोना या क्रोनोग्राफसाठी स्वतःचं ४१३० कॅलिबर २००० साली आणलं त्यात तो आहे. त्याआधी १९८८ पासून ते झेनिथ कंपनीचं एल प्रिमेरो हे यंत्र वापरत होते, आणि त्याही आधी वाल्जू कंपनीचं हातानं चावी द्यायचं यंत्र. पण हाच उभा क्लच, कॉलम व्हीलसकट, जपानच्या सेइकोनं १९६९ मध्ये आपल्या ६१३९ या यंत्रात दिला होता. ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ पहिला कुणाचा यावर झेनिथ, ह्यूअर-ब्राइटलिंगची मंडळी आणि सेइको यांचे चाहते अजून भांडतात. तिन्ही त्याच वर्षीचे. मला त्या भांडणात रस नाही. मला गंमत ही वाटते की आपल्या जुन्या बाजारात ज्याला लोक 'साधं जपानी' म्हणून बाजूला सारायचे, त्याच्या पोटात ते होतं जे पुढे शोरूममध्ये 'आधुनिक' म्हणून दाखवलं गेलं.

मग नव्या घड्याळात खरोखर नवं काय? कालावधी मोजायची यंत्रणा नव्हे. नवं आहे ते तिच्याभोवतीचं: पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा, लोहचुंबकाला दाद न देणारी सिलिकॉनची हेअरस्प्रिंग (घड्याळाची लय राखणारी केसासारखी कमान), जास्त टिकणारी तेलं. ३८६१ पंधरा हजार गॉसचं चुंबकत्व सहन करतं आणि दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे, एवढ्यात राहतं. जुन्या घड्याळाला मोबाइलच्या स्पीकरशेजारी रात्रभर ठेवा, सकाळी दहा मिनिटं पुढे गेलेलं सापडलं तर नवल नाही.

मुंबई-पुण्याच्या माणसाला या सुधारणा कदाचित किरकोळ वाटतील. आपल्याला नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, पापड मऊ पडतात, आणि मांडवीकडून येणारा वारा खारा. क्रोनोग्राफच्या पेटीला साध्या घड्याळापेक्षा दोन भोकं जास्त, दोन बटणांची. साठच्या दशकातल्या बहुतेक क्रोनोग्राफमध्ये ती बटणं पाण्याच्या दृष्टीनं उघडीच म्हणायची. त्यातून दमट हवा आत जाते आणि क्रोनोग्राफचे जे नाजूक भाग, पातळ पोलादी लिव्हर, कमानी, बारीक स्क्रू, तेच आधी गंजतात. तबकडीचा वार्निश फुगतो. काचेच्या आत धुकं दिसलं की तांदळाच्या डब्यात घड्याळ ठेवणारे लोक अजून आहेत. तांदळाचा भुगा आत जाईल एवढंच त्यातून साधतं. धुकं दिसलं की झाकण उघडणाऱ्या माणसाकडे त्याच दिवशी न्यावं. मी स्वतः जुने क्रोनोग्राफ पावसाळाभर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो आणि गणपतीनंतर बाहेर काढतो. म्हणजे वर्षातले चार महिने आमचा संसार डब्यात.

म्हणून माझं मत असं: कोकणात राहणाऱ्या जुन्याच्या वेड्यानं नवा क्रोनोग्राफ घ्यायला हरकत नाही, पण तो पावसात घालण्यासाठी. नवं घेऊन तेही बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर तुम्ही पैसे ज्या रबरी रिंगांसाठी दिले, त्यांनाच घरी बसवलंत.

(श्रोत्यांतून: "मग साधं डायव्हर घ्यावं की!")

बरोबर आहे. पाण्यासाठीच हवं असेल तर दोनशे मीटर पाण्याचा दाब सोसणारं, पाणबुड्यांसाठीचं साधं घड्याळ कितीतरी स्वस्तात मिळतं आणि त्यात बिघडायला कमी असतं. क्रोनोग्राफ घ्यायचा तर बटण दाबायची हौस पाहिजे, दुसरं कारण शोधू नका. मोजायचं म्हणून म्हणाल तर मोबाइल आहे. तसा आपल्या किनाऱ्याला शोभणारा एक क्रोनोग्राफ होऊन गेला. ह्यूअरनं १९४९ मध्ये 'सोल्युनार' नावाचं भरती-ओहोटी दाखवणारं घड्याळ काढलं, आणि पुढे तीच युक्ती क्रोनोग्राफमध्ये बसवली. चाकांचं गणित जॅक ह्यूअर या शाळकरी पोरानं आपल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांकडून करून घेतलं होतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं मागे पडते, त्या हिशेबानं चकती फिरते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तोच हिशेब, बिनचाकांचा. हर्णैच्या माणसाला ते घड्याळ दाखवलं तर तो हसेल, आणि मग हातात घेऊन बराच वेळ बघत बसेल असंही मला वाटतं.

आता नवं घ्यायचं ठरलं तर कुठलं? एकच सांगतो: जुन्याची नक्कल घेऊ नका. हल्ली कंपन्या तबकडीवरचा चमकणारा रंग मुद्दाम पिवळट, चहासारखा देतात. जुन्या घड्याळात तो पिवळेपणा ट्रिटियम या किरणोत्सर्गी द्रव्याच्या रंगानं वर्षानुवर्षं मुरून आलेला असतो, आणि तबकडीवरचा तो रंग नव्वदच्या दशकाअखेर जवळपास बंद झाला. ज्याच्या घरी खरं पिवळं पडलेलं घड्याळ आहे त्यानं कारखान्यातून पिवळं करून आलेलं का घ्यावं? त्यापेक्षा जे नवं म्हणूनच नवं आहे ते बघा. झेनिथचं २०२१ चं क्रोनोमास्टर स्पोर्ट, ज्याचा मधला काटा दहा सेकंदांत एक फेरी मारतो आणि सेकंदाचा दहावा भाग दाखवतो, शंभर मीटर पाणी सोसतं. डेटोनाही शंभर मीटरचा, पण त्याची बटणं आधी फिरवून सैल करावी लागतात, मग दाबायची. शिवाय दुकानात जाऊन 'द्या' म्हटल्यावर तो मिळत नाही. आणि स्पीडमास्टर? पन्नास मीटरचं आहे, पावसाला पुरेल. पाण्याखाली मात्र बटणं दाबायची नाहीत.

आकाराचं भान ठेवा. साठच्या दशकातले पुष्कळ क्रोनोग्राफ ३६ मिलिमीटरच्या आसपासचे, सदऱ्याच्या बाहीखाली जाणारे. नवे ४० ते ४२, जाडीही चांगली. माझ्यासारख्या बारीक मनगटावर ते अंगापेक्षा बोंगा मोठा दिसतं. दुकानात जाऊन अर्धा तास घालून बसा, चहा मागवा, ते नाही म्हणत नाहीत.

सर्वांत मोठी अडचण मात्र दुरुस्तीची आहे. तुमचं वेस्ट एंड इथले घड्याळवाले काका डोळ्याला भिंग लावून उघडतात, भाग मिळाला नाही तर घासून बनवतात. नव्या घड्याळाचे भाग कंपन्या बाहेरच्या कारागिराला सहसा देत नाहीत. ते मुंबईला जाणार, कदाचित पुढेही, आणि काही महिन्यांनी येणार. क्रोनोग्राफची पूर्ण सर्व्हिस साध्या घड्याळापेक्षा बरीच महाग असते. आणि आपल्या हवेत रिंगा तपासून घेणं, पाण्याच्या दाबाची चाचणी, हे दरवर्षी पावसाळ्याआधी करायला हवं, घड्याळ कितीही नवं असलं तरी.

पैशाबद्दल थोडक्यात. गुंतवणूक म्हणून घेऊ नका. २०२२ च्या सुरुवातीला वापरलेल्या घड्याळांच्या बाजारात भाव शिगेला पोचले आणि मग घसरले, ज्यांनी वर घेतलं ते अजून वाट बघताहेत. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं विकतानाच वसूल करायचा कर, लागतो; तो आयकरात वळता होतो. युरोपातल्या चार देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, स्वित्झर्लंड त्यात आहे आणि घड्याळांवरची आयात जकात टप्प्याटप्प्यानं कमी होणार आहे. तेव्हा घाई नसलेल्यांनी थांबायला हरकत नाही.

(श्रोत्यांतून: "जुनी विकून नवं घ्यावं का?")

विकायच्या आधी मागचं झाकण उघडून घ्या आणि तबकडी भिंगाखाली बघा. आपल्या बाजारातल्या पुष्कळ जुन्या घड्याळांच्या तबकड्या नंतर रंगवलेल्या असतात, अक्षरं जाड, रेघा वाकड्या. तशी निघाली तर तुमच्या मनातली किंमत कुणी देणार नाही. आणि मूळ निघाली, तर तुमच्याच्यानं ती विकवणार नाही. तिकडे मागे हात वर आहे, विचारा.