‘कधीच नाही’वरची खूण

(दृश्य: ठाणे–वाशी लोकल, लेडीज डबा, सकाळची गर्दी)

पाळीचा दुसरा दिवस. ओटीपोटातली कळ मांडीपर्यंत उतरलेली, आणि ऐरोलीला उतरून ऑफिस गाठायचंय. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं: ‘ॲसिडिटी झालीये.’

आजार एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर, कधी आतड्यावरही वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १९ कोटी मुली-बायकांना तो आहे. निदानाला अनेकदा वर्षं जातात, कारण ‘पाळीत दुखायचंच’ हे घरीही ऐकावं लागतं आणि दवाखान्यातही.

दुखणं किती, ते डॉक्टर शून्य ते दहामध्ये विचारतात. त्या दुखण्यापायी ऐकलेलं, लपवलेलं कसं मोजायचं?

जुनाट आजारांमुळे वाट्याला येणारा कलंक मोजणारी एक प्रश्नावली आहे. विधानं आठच. आजारामुळे लोकांनी मला टाळलं. मला लाज वाटली. लोक असे वागले, जणू चूक माझीच. पुढे ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ असे पाच पर्याय. बेरीज ८ ते ४०. मुळात ती मज्जासंस्थेच्या आजारांसाठी तयार झाली. त्यामुळे आपल्याकडे बोचणारं बरंच काही तिच्यात नाही. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. स्थळ आलं की ‘आजाराचं बोलू नकोस हं’. लग्नानंतर ‘गोड बातमी कधी?’, आणि ती लांबली की सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच. हे प्रश्न कागदावर यायलाच हवेत.

(दृश्य: कागदावर टेकलेलं पेन; चेहरा दिसत नाही)

कागद कुठे भरला जातो, हेही तितकंच महत्त्वाचं. ओपीडीच्या बाकावर शेजारी सासूबाई बसल्यात. ‘घरचे टोचून बोलतात का?’ पेन ‘नेहमी’कडे जातं, थबकतं, आणि खूण ‘कधीच नाही’वर होते. जिला सगळ्यात जास्त लपवावं लागतं, तिचीच बेरीज कमी भरते. तो छोटा आकडा बघून ‘इथे काही त्रास नाही’ असं ठरवलं, तर तिच्यावर पुन्हा अन्यायच होतो.

म्हणून नातेवाइकांना बाहेर थांबवायचं. वाचता येत नसेल तर सिस्टरनी हळू आवाजात वाचून दाखवायचं. लोक काय बोलले आणि ती स्वतः काय काय टाळायला लागली, याचे गुण वेगवेगळे ठेवायचे. ऑपरेशननंतर दुखणं उतरलं तरी दुसरा आकडा, ती स्वतः काय टाळते त्याचा, तसाच राहू शकतो. मग समुपदेशन लागतं. कधी नवऱ्याला, सासूबाईंना समोर बसवून आजार समजावावा लागतो. तिची संमती असेल तरच.