दुसरा सूर कोण गाणार?

नमस्कार मंडळी. बाहेर पाऊस, घरी मॅच, तरी एवढे लोक आलात, म्हणजे एकतर तुम्हाला गाण्याची आवड आहे नाहीतर खालच्या बटाटेवड्याची. दोन्ही चालेल. फळ्यावर लिहिलंय 'फ्लीट फॉक्सेस : एका हार्मनी बँडची कारकीर्द', पोस्टरवर लिहिलंय चार अल्बम आणि पाऊण तास, आणि मला बोलताना ऐकलेले जे दोघे-तिघे पुढे बसलेत ते आत्ताच हसायला लागलेत.

तर आधी किस्सा. मी २००६ ते २००९ अमेरिकेत होतो, ऑफिस रेडमंडला आणि भाड्याचं घर शेजारच्या कर्कलंडला, सिॲटलच्या तळ्यापलीकडे. आता कर्कलंडमध्ये लेक वॉशिंग्टन हायस्कूल नावाची शाळा आहे, तिच्यावरून मी किती वेळा गेलो असेन मोजदाद नाही, आणि त्याच शाळेत रॉबिन पेकनोल्ड आणि स्कायलर शेलसेट नावाची दोन पोरं मित्र झाली आणि पुढे त्यांनीच हा बँड काढला. मी तिथे असताना ते सिॲटलमध्ये छोट्या छोट्या जागी गात होते. आणि मी काय करत होतो? मी वीकेंडला इंडियन स्टोअरमध्ये पोहे कुठले चांगले यावर वाद घालत होतो. बँड मला कळला पुण्यात परत आल्यावर, कोथरूडमध्ये, रिक्षात, मित्राच्या इअरफोनवर. असो, हे दुःख वेगळं.

किस्सा २००७ च्या गणपतीचा. तिथल्या मंडळाने एक हॉल घेतला होता, मोदक होते, ढोल होता, अलार्म वाजेल म्हणून निरांजन मात्र बॅटरीवरचं. माझ्या ऑफिसमधला एक अमेरिकन सहकारी मला म्हणाला मीपण येतो. गडी लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये गायलेला. आरती सुरू झाली. पहिलं कडवं त्याने नुसतं ऐकलं, मान हलवत. दुसऱ्या कडव्याला चाल त्याच्या डोक्यात बसली असावी, शब्द नव्हतेच, पण त्याने 'आ' लावून सूर धरला. आणि आपला नाही बरं का, आपण सा वर तर तो ग वर, आपण सरकलो की तोही सरकायचा, कायम तेवढंच अंतर ठेवून. मला काटा आला अंगावर! इतकी वर्षं ऐकलेली आरती, आणि तिच्यात अचानक एक मजला वाढल्यासारखं झालं.

आणि माझ्या मागून एक काकू, नाशिकच्या, अत्यंत प्रेमळ, मोठ्याने म्हणाल्या, "अरे कुणाचा तरी सूर लागत नाहीये."

झालं. सगळ्यांनी वळून बघितलं. त्या बिचाऱ्याला वाटलं कौतुक चाललंय, त्याने आवाज वाढवला. मग काकूंनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही, त्यांनी हसत हसत त्याच्या हातात टाळ दिले. टाळ हातात आले की माणूस ठेक्यात अडकतो, गाणं आपोआप बंद. (हशा.) हसताय, पण मी तिथे होतो आणि मी काही बोललो नाही. काकू, तो बेसूर नाहीये, तो दुसरा सूर गातोय, एवढंच म्हणायचं होतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या वेळी न बोललेलं वाक्य आहे असं समजा.

काकूंचंही चुकलं नव्हतं. आपल्याकडे चारशे माणसं आरतीला उभी राहिली तरी गाणार एकच चाल, फार तर पुरुष खालच्या सप्तकात आणि बायका वरच्या. साथीचा तानपुरा दुसरा सूर धरतो, पंचमाचा, पण तो हलत नाही, एका जागी बसून असतो. हलणारा दुसरा सूर, म्हणजेच हार्मनी, जो पहिल्याच्या बरोबर चालतो पण वेगळ्या वाटेने, त्याला आपल्या घरात खोलीच नाही. आणि ज्याने तो गायचा त्याचं काम अवघड असतं, कारण चाल लोकांच्या लक्षात राहते, ती गाणारा लोकांच्या लक्षात राहतो, आणि दुसरा सूरवाला ऐकू येतो तो फक्त गप्प बसला की.

हा माझा आवडता मुद्दा आहे, घरी बंदी आहे यावर बोलायला.

बरं, बँड. पहिला अल्बम जून २००८, सब पॉप या रेकॉर्ड कंपनीचा, निर्माता फिल एक, 'एक' हे त्याचं आडनाव. आवाज असे की गाभाऱ्यात उभं राहून कुणी गातंय आणि सूर छताला लागून परत येतोय. मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवर स्वतःचं वर्णन त्यांनी केलं होतं 'बरोक हार्मोनिक पॉप जॅम्स', ज्याचा अर्थ लागत नाही पण गाणी ऐकली की लागतो. कव्हरवर ब्रॉयगलचं १५५९ चं चित्र, ज्यात शंभरावर डच म्हणी माणसं करून दाखवतायत, एकजण भिंतीवर डोकं आपटतोय, एकजण वासरू बुडाल्यावर विहीर बुजवतोय. आपल्याकडे कुणी असा कव्हर काढला असता तर नाचता येईना अंगण वाकडं पहिल्या रांगेत, आणि निम्मे गायक नाराज. व्हिडिओ पेकनोल्डच्या भावाने, शॉनने बनवलेला, मॅनेजर त्याचीच बहीण आजा, एकूण घरचंच कार्य. 'व्हाइट विंटर हिम्नल' ऐका, सुरुवातीला एकाच ओळीवर एकामागून एक आवाज येत जातात, एकाने सुरू केलं की दुसरा मागून, तिसरा त्याच्या मागून. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

चिठ्ठी आलीये. दहा मिनिटं. अहो आत्ता तर पहिला अल्बम झाला! ठीक आहे, आता पळतो.

स्टेजवर मुख्य गायक पेकनोल्ड, आणि त्याच्या भोवती गाणारे तिघे, केसी वेस्कॉट, ख्रिश्चन वार्गो आणि २००८ मध्ये आलेला ड्रमर जॉश टिलमन. आता हा टिलमन बघा. बँडमध्ये येण्याआधीच त्याचे स्वतःच्या नावाचे अल्बम होते, आणि इथे तो मागे बसून ड्रम बडवत दुसरा सूर गातोय. मे २०११ ला दुसरा अल्बम, 'हेल्पलेसनेस ब्लूज', अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथा, ग्रॅमीला नामांकन. आणि जानेवारी २०१२ ला टिलमन बाहेर, मे मध्ये फादर जॉन मिस्टी या नावाने त्याचा अल्बम, तोही सब पॉपचाच. त्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे, पण मला विचाराल तर दुसरा सूर कुणी किती वर्षं गायचा याला मर्यादा असते. बाकी तंटे, पैसे, दौऱ्याचा शीण हे सगळं वरचं.

मग पेकनोल्डने काय केलं, तर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात नाव घातलं. ज्याचा पहिला अल्बम लोकांनी डोक्यावर घेतला तो माणूस वर्गात बाकावर! सहा वर्षं अल्बम नाही. जून २०१७ ला 'क्रॅक-अप', नॉनसच कंपनीकडून, त्यातलं एक गाणं जवळजवळ नऊ मिनिटांचं, मध्येच दिशा बदलणारं. त्यावर अर्धा तास बोलायचं होतं, गेलं.

पाच मिनिटं. बरं.

चौथा, 'शोअर', २०२०. पेकनोल्डने बँडमधल्या बाकीच्यांशिवाय केलेला, वेगळे वादक घेऊन, आणि लॉकडाऊनमध्ये गाडीत एकट्याने लांब लांब फिरत शब्द लिहिलेले. म्हणजे हार्मनी बँड आणि माणूस एक. मला वाटलं संपलं आता, सगळे सूर हाच गाणार. आणि त्याने पहिलंच गाणं दिलं उवादे नावाच्या मुलीला, तिने इंटरनेटवर त्याचं गाणं गाऊन टाकलेलं त्याने ऐकलं होतं. अल्बम त्याचा, आणि दार उघडतो दुसऱ्याचा आवाज! शिवाय एका गाण्यासाठी त्याने इन्स्टाग्रामवर लोकांना सांगितलं की तुमच्या आवाजात गाऊन पाठवा, आणि शेकडो लोकांनी घराघरातून पाठवलं, ते सगळे आवाज एकत्र करून गाण्यात घातलेत. बारा वर्षांपूर्वी चार माणसांत जे जमवलं, ते आता फोनवरून शेकडोंत.

अल्बम आला २२ सप्टेंबरला, शरद संपाताच्या नेमक्या मिनिटाला. आमचा गणपती बसला होता त्याच्या बरोबर एक महिना आधी, २२ ऑगस्टला, आणि आरती झूमवर. कर्कलंडची जुनी मंडळीपण जोडली गेली होती. आता झूमवर आवाज उशिरा पोचतो हे तुम्हाला माहितीये, त्यामुळे पुणे एक ओळ पुढे, सिॲटल मागे, दुबईवाले भलतीकडेच, एकाने सुरू केलं की दुसरा मागून, तिसरा त्याच्या मागून, सांगितलं होतं ना लक्षात ठेवा. मी डोळे मिटून ऐकत होतो आणि खरंच काही सेकंद ते जमलं. मग खिडकीत नाशिकच्या काकू दिसल्या, केस पांढरे झालेले, त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी म्यूट करा बाई, मी एकटी म्हणते."

हो हो, उतरतोय. वडे संपले का?