तंबोरा गेला कुठे?

[पडद्यावर: पुण्यातल्या घराची बैठकीची खोली. टेबलावर लॅपटॉप, शेजारी तंबोरा.]

संध्याकाळचे सात वाजलेत. आत्यानं ट्यूब लावली, पंखा सुरू केला, तंबोरा जुळवला. समोर पडद्यावर न्यू जर्सीतली तिची शिष्या. तिकडे सकाळ आहे. आत्यानं षड्ज लावला, आणि पलीकडून प्रश्न आला, "ताई, तंबोरा बंद आहे का?"

तंबोरा तर खोलीभर घुमत होता.

संशय गेला वेबकॅमवर आणि त्यातल्या माइकवर. वेबकॅम तर नवा. खोक्यावर ठळक अक्षरांत १०८०पी, म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळपास २१ लाख ठिपके. १९९१ साली केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याचं चित्र १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं आणि करड्या रंगाचं होतं. भांडं भरलेलं आहे की रिकामं, एवढंच पाहायचं असल्यानं ते पुरलं. आत्याला मात्र तारेवरून फिरणारं बोट दाखवायचंय आणि सूर पोचवायचाय. तेव्हा परीक्षा त्याचीच घेऊ, आणि क्लास याच खोलीत होतो म्हणून इथेच, याच वेळेला.

[पडद्यावर: कॅमेरा ॲपमधलं रेकॉर्डिंग]

आधी मीटिंगचं ॲप बंद. नुसतं रेकॉर्डिंग करायचं, म्हणजे दोष कॅमेऱ्याचा की इंटरनेटचा, ते वेगळं कळतं.

बोटं पाहा, फराटे झालेत. उजेड कमी पडला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ घेतो; सेकंदाला ३० चित्रांची १५ होतात. टेबललॅम्प मागून उचलून समोर ठेवला. बोटं स्पष्ट झाली, पण आता मागच्या भिंतीवर पट्टे सरकताना दिसतायत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॅमेऱ्याचं सेटिंग मात्र अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर होतं. ते ५० केलं, पट्टे गेले. या सेटिंगकडे फार कमी लोक पाहतात, आणि कॅमेरा खराब म्हणून परत करतात.

[पडद्यावर: आत्या टाळी वाजवते]

टाळी चित्र आणि आवाजाचा मेळ तपासायला. हात भिडले त्यानंतर दोन चित्रांनी आवाज आला, म्हणजे साधारण ६६ मिलिसेकंदांनी. आवाज १२५ मिलिसेकंदांपर्यंत मागे राहिला तर सहसा जाणवत नाही. इथे चिंता नाही.

आता डोळे मिटून ऐका. "शशीनं सकाळी साखरेचा शिरा केला." स आणि श वेगळे ऐकू येतायत? 'चार'मधला च आणि 'चमचा'तला च? ही अक्षरं वरच्या कंप्रतेत असतात. माइक हलका असला की आधी तीच बोथट होतात. हा माइक त्यात पास झाला.

पण पंखा ऐका. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो, पंखा मात्र तेवढाच राहतो. आत्या हातभर जवळ सरकली, पंखा बंद केला.

तरी मीटिंग सुरू होताच तंबोरा पुन्हा गायब! रेकॉर्डिंगमध्ये तर तो स्वच्छ होता. म्हणजे माइक निर्दोष. मीटिंगचं ॲप गोंगाट गाळतं, आणि एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असा त्याचा हिशोब. पंखा आणि तंबोरा त्याच्या लेखी एकच. ज्या नादावर अख्खं गाणं उभं राहतं, तोच कचरा म्हणून फेकला जात होता, आणि आम्ही महिनाभर वेबकॅमला बोल लावत होतो.

मूळ आवाज पाठवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये सापडला. तो चालू केला.

[पडद्यावर: आत्या पुन्हा तार छेडते. काही क्षण फक्त तंबोरा.]

पलीकडून शिष्या थोडी बिचकत म्हणाली, "ताई, पंचम किंचित उतरलाय का?"

आत्यानं कान लावला, आणि तारेचा मणी केसभर सरकवला.