अडीच गुंठे

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात एका ताईंचा मेसेज आला, तीन वर्षं वेटिंग लिस्टवर थांबले, शेवटी अलॉटमेंट, म्हणजे इथली कौन्सिल (आपली नगरपालिका म्हणा) भाजीपाला पिकवायला भाड्याने देते तो जमिनीचा तुकडा, मिळाली, चावी घेऊन बघायला गेले तर कमरेएवढं गवत, काटेरी जाळ्या, मातीत काचा, आणि गेटवरच रडू आलं. ताई, आजचं सगळं तुमच्यासाठी. आणि तुमच्यासारख्या सगळ्यांसाठी, ज्यांना इंग्लंडात पहिल्यांदाच मातीत हात घालायचाय.

आधी एक हिशोब सांगते, मला तो फार आवडतो. इथे प्लॉट रॉड या जुन्या मापात मोजतात, पूर्ण प्लॉट 10 रॉडचा. एका एकरात 160 रॉड. आणि आपल्याकडे एका एकरात 40 गुंठे. म्हणजे 4 रॉडचा एक गुंठा, आणि 10 रॉड म्हणजे बरोब्बर अडीच गुंठे. ज्या दिवशी मला हे कळलं त्या दिवसापासून तो प्लॉट मला कौन्सिलचा वाटला नाही, रान वाटलं. 1908 चा कायदा आहे म्हणून कौन्सिलला ही जमीन द्यावी लागते, उपकार म्हणून देत नाहीत, तेव्हा बिचकू नका, आपला हक्क आहे तो.

पण अडीच गुंठे एकदम साफ करायला जाऊ नका. परत सांगते, एकदम साफ करायला जाऊ नका. आणि रोटाव्हेटर, ते माती घुसळणारं मशीन, घालू नका. मी घातला होता, तेच आज सांगायचंय.

माझा प्लॉट लेस्टरला. तिथली माती म्हणजे चिकणमाती, ओली असली की बुटाला किलोभर चिकटते आणि सुकली की वीट. फेब्रुवारीत मिळाला. मी सातारा जिल्ह्यातली, माझे वडील, अण्णा, आयुष्यभर शेती केलेले, त्यांना व्हिडिओ कॉलवर प्लॉट दाखवला. ते म्हणाले, "अगं हरळी दिसतीया सगळी. नांगर घाल, उलथून टाक, उन्हात तापू दे, मरतीया." आमच्या रानात असंच करायचे, उन्हाळी नांगरट, मार्चात नांगरलं की मेपर्यंत ढेकळं तापत पडायची. मग मी एप्रिलमध्ये एका दिवसासाठी रोटाव्हेटर भाड्याने आणला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळा प्लॉट फिरवला. शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा, ऐंशीच्या पुढचे, दोनदा कुंपणापाशी येऊन हात करून गेले. मला वाटलं कौतुक करतायत. मशीनच्या आवाजात ऐकूच आलं नाही.

संध्याकाळी माती अशी दिसत होती ना मंडळी, लाडवाच्या रव्यासारखी. फोटो काढला, अण्णांना पाठवला, त्यांनी गावात चार जणांना दाखवला. दुसऱ्या दिवशी बटाटे लावले, कांदे लावले, मेथी टाकली.

आणि मग पाऊस. ऊन कुठलं, नुसता बारीक पाऊस आणि ढग. तीन आठवड्यांनी गेले तर सगळं हिरवंगार, एक क्षण वाटलं मेथी उगवली. मेथी नव्हती. काउच ग्रास होतं, हरळीसारखंच इथलं गवत, आणि त्याच्या मधून मधून बाइंडवीड नावाच्या वेलीचे कोवळे कोंब. या दोघांच्या मुळ्या जमिनीखाली पांढऱ्या दोऱ्यांसारख्या पसरलेल्या असतात आणि मुळीचा बोटभर तुकडा जरी उरला तरी त्याचं नवं झाड होतं. मी एका मुळीचे पन्नास तुकडे केले होते आणि नीट पसरून, वर पाणी पाडून घेतलं होतं. जूनमध्ये एक बटाटा उकरून बघितला तर काउच ग्रासची टोकदार मुळी बटाट्याच्या आरपार गेलेली, सुईत दोरा ओवावा तशी. तो बटाटा हातात घेऊन मी तिथंच बसले, खूप वाईट वाटलं, मेहनतीपेक्षा जास्त म्हणजे अण्णांना काय सांगायचं याचं.

जुलैमध्ये अण्णा आले, तीन महिन्यांसाठी. येताना बॅगेत कपड्यात गुंडाळून खुरपं आणलं होतं. दुसऱ्याच दिवशी प्लॉटवर गेलो. बाइंडवीडला तोवर मोठी पांढरी फुलं आलेली, कांद्याच्या पातीला गुंडाळून पात आडवी केलेली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चांदवेलीगत दिसतीया, पण अंगानं दांडगी." खाली बसले, खुरपं लावलं, मुळी कट्कन तुटली. तुटलेलं टोक बघितलं आणि खुरपं बाजूला ठेवलं. शेजारच्या आजोबांनी काही न बोलता आपला चार दातांचा फोर्क कुंपणावरून दिला. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी येत नाही. अण्णांनी तो मातीत घातला, अलगद उचलला, माती हलवली, मुळी अख्खी. म्हणाले, "ह्याला दात हायेत, पातं न्हाई. ह्यो तोडत न्हाई."

त्या दिवशी दुपारी चार ते रात्री नऊ, जुलैचा उजेड लांब असतो ना, त्यांनी एकच मुळी धरली आणि तिच्या मागे मागे गेले. सात हात निघाली. सुतळीएवढी जाड. ती गोल गुंडाळून पाण्याच्या बादलीत टाकली, आणि मग ते वाक्य बोलले जे मला कुठल्याच माहितीपत्रकात मिळालं नव्हतं. "पोरी, आपल्याकडं नांगर हरळी मारत न्हाई, ऊन मारतं. नांगर तिला नुस्ता वर आणतो. आन् वर आलेली तुझी आजी नांगरामागनं वेचायची, पाटीभरून. मी फोनवर ऊनही सांगितलं न्हाई धड आन् आजीपण न्हाई."

मला आजी आठवली, तिची पाटी आठवली.

जाता जाता एक बोलते, विषय सोडून आहे पण बोलायचंय. आपण आईवडिलांना इथे बोलावतो आणि दिवसभर घरात टीव्हीसमोर बसवतो, शनिवारी मॉलला नेतो. ज्यांनी आयुष्यभर हातानं काम केलं त्यांना असं बसवून ठेवू नका हो. काम द्या त्यांना. अण्णा त्या तीन महिन्यांत एकदाही कंटाळलो म्हणाले नाहीत, आणि शेजारच्या आजोबांबरोबर रोज फ्लास्कमधला चहा, आपला उकळलेला, आलं घातलेला. चहा उकळलाच पाहिजे, पाण्यात पिशवी बुडवली की चहा होत नाही हे माझं ठाम मत आहे.

तर ताई, तुम्ही काय करायचं. आता ऑक्टोबर आहे, वेळ उत्तम आहे. प्लॉटचा एक कोपरा घ्या, दोन पलंगांएवढा, बस. तो फोर्कनं खणा, कुदळीनं नाही, फावड्यानं नाही, फोर्कनं, आणि हातानं पांढरी मुळी वेचा. मुळ्या कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, पाण्याच्या बादलीत बुडवून महिना दोन महिने कुजू द्या. त्या कोपऱ्यात लसूण लावा, नोव्हेंबरमध्ये ब्रॉड बीन्स, म्हणजे मोठ्या दाण्यांच्या शेंगा.

बाकी सगळं कापून झाका. काळं जाड प्लास्टिक, नाहीतर पुठ्ठा. पुठ्ठ्याची टेप आणि पिना काढा, कडा एकमेकींवर चांगल्या चढवा, भिजवा, वर वीतभर नाही तरी चार बोटं कंपोस्ट. जुना गालिचा टाकू नका, बऱ्याच साइटवर बंदी आहे आणि त्यातली रसायनं मातीत उतरतात. गवत एका वर्षात खचतं, बाइंडवीड नाही, ते कडेनं उजेड शोधत येतं, तिथं जाऊन उपटत राहायचं. ब्लॅकबेरीच्या जाळ्या फेब्रुवारी संपायच्या आत काढा, मार्चपासून पक्षी घरटी करतात आणि चालू घरटं मोडणं इथं गुन्हा आहे. घोड्याची लीद फुकट मिळते पण आधी विचारा, त्यांच्या गवतावर तणनाशक मारलेलं असलं तर ते लिदीतून येतं आणि टोमॅटो, बीन्सची पानं आखडतात. थोडी मातीत मिसळून कुंडीत चार बीन्स लावून बघा, पानं सरळ आली तरच वापरा. आणि हातात जाड मोजे घाला, काचा असतात.

मेथी मेमध्ये टाका, मस्त येते, मॉलमधल्या मेथीला तो वास नाहीच.

अण्णा आता गावी आहेत. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, "वेल आली का गं?" मी सांगते, आली, हेजच्या, म्हणजे झुडपांच्या कुंपणाच्या कडेला, दोन कोंब. ते विचारतात, "फोर्क लावलास का खुरपं?" फोर्क, अण्णा. खुरपं शेजारच्या आजोबांकडे आहे, त्यांना ते लसणाच्या ओळीत तण काढायला फार आवडलंय, परत मागवत नाही मला.

ताई, काढलेली पहिली मुळी किती हात निघाली ते कळवा. नमस्कार.